विजेच्या जुन्या मोटारीचें पूर्ववृत्त

वसई-विरारच्या लोकांना विजेवर चालणारें वाहन नवें नाहीं. या भागांतून जाणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे १८६४ सालीं मुंबईला जाऊन भिडली, १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी सुटूं लागली, आणि १९२८ सालीं बोरीवलीपर्यंत आलेली वीज १९३६ सालीं विरारला पोंचली. येथील चाकरमान्यांच्या तीन-चार पिढ्या विजेच्या गाडींत उभ्यानें प्रवास करीत वाढल्या. आगाशी, निर्मळ, अर्नाळा या बाजूचा मनुष्य मिळेल त्या वाहनानें, पूर्वीं टांग्यानें आणि पुढें एस्. टी. नें किंवा रिक्षानें, स्टेशनापर्यंत येई, आणि तेथून विजेच्या स्वाधीन होई. घरापासून स्टेशनापर्यंतचा तुकडा तेवढा विजेवांचून राहिला होता. अलीकडे हिरव्या पाटीच्या लहान मोटारी नव्या बाजारांतून जुन्या बाजारांत उतरूं लागल्या आहेत, आणि ज्या कुटुंबाला नवी मोटार परवडत नाहीं तें कुटुंब हा राहिलेला तुकडा अशा एखाद्या मोटारीनें जोडावा काय, याचा हिशेब मांडीत बसलें आहे. हा हिशेब वाटतो तितका सोपा नाहीं.

श्रोतेहो, जुनी वस्तु विकत घेणारा मनुष्य खरें पाहतां तिचें पूर्ववृत्त विकत घेत असतो. जुनें घर घेतांना भिंतीची ओल पाहावी, म्हैस घेतांना तिचे दांत आणि सड पाहावे, हें आपल्याकडे कोणाला शिकवावें लागत नाहीं. पेट्रोलच्या जुन्या मोटारीचेंहि तसेंच आहे. ओळखीचा मिस्त्री बॉनेट उघडतो, इंजिन चालू करवून कान देतो, धुराचा रंग पाहतो, तेलाची पट्टी ओढून बोटांवर तेल चोळतो, आणि घटकाभरांत सांगतो कीं, रिंगा गेल्या आहेत, हात लावूं नका. किलोमीटरचा कांटा मागें फिरवितां येतो. निळा धूर मागें फिरवितां येत नाहीं. विजेच्या मोटारींत यांपैकीं कांहींच नाहीं. आवाज नाहीं, धूर नाहीं, तेल नाहीं. तिच्या किंमतीचा फार मोठा भाग तळाशीं बसविलेल्या एका बंद पेटींत असतो, आणि त्या पेटीला पूर्वीच्या मालकानें कसें वागविलें, हें बाहेरून दिसत नाहीं. आगगाडीला ही पीडा नाहीं. ती आपली वीज डोक्यावरच्या तारेंतून घेते. मोटारीला आपली शिदोरी बरोबर वाहावी लागते. म्हणून विजेच्या मोटारीचा इतिहास हा मुख्यतः त्या शिदोरीचा, म्हणजे बॅटरीचा इतिहास आहे. आणि बॅटरी ज्याच्या हातीं, मोटारीचें आयुष्य त्याच्या हातीं, ही गोष्ट त्यांत पुनःपुन्हा दिसते.

आरंभीचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे, तो थोडक्यांत सांगतों. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाची बॅटरी तयार केली. १८८१ सालीं गुस्ताव्ह त्रूव्हेनें पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखविली. १८९९ सालीं ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा ज्या मोटारीनें प्रथम ओलांडली ती विजेचीच होती. ज्या हेन्री फोर्डनें पेट्रोलची मोटार घरोघर नेली, त्याची पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक नांवाची विजेची मोटार वापरीत असे. पुढें १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याची यातायात संपली, पेट्रोल मुबलक झालें, आणि विजेची मोटार मागें पडली.

ही कथा सर्वत्र सांगितली जाते. कमी सांगितली जाते ती हार्टफोर्डची. अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांतील या शहराच्या वीज कंपनीनें १९१० च्या सुमारास अशी व्यवस्था केली कीं, व्यापाऱ्यानें विजेची मालगाडी बॅटरीवांचून विकत घ्यावी. बॅटरी कंपनीच्या मालकीची राहील. ती उतरली कीं ठाण्यावर जाऊन भरलेली बॅटरी बदलून घ्यावी. आणि मोबदला म्हणून दरमहा कांहीं ठराविक रक्कम व शिवाय जितके मैल गाडी चालेल तितक्यांचा आकार द्यावा. १९२४ पर्यंत ही व्यवस्था चालली. तिच्यामागील विचार लक्षांत घेण्याजोगा आहे. बॅटरी झिजते, ती किती झिजली हें गिऱ्हाइकाला कळत नाहीं, कंपनीला कळतें, तेव्हां झिजेची जोखीम ज्याला ती कळते त्यानेंच उचलावी. आजवर या धंद्यांत झालेल्या करारांपैकीं हा करार मला सर्वांत न्याय्य वाटतो. परंतु त्याची दुसरी बाजूहि आहे. कंपनीनें ही सेवा आंवरती घेतली कीं गिऱ्हाइकाच्या दारांत उरतो तो चाकांवरचा सांगाडा.

जपानांत महायुद्धानंतर पेट्रोलची टंचाई पडली, तेव्हां १९४७ सालीं तामा नांवाची लहान विजेची मोटार निघाली. तिच्या दोन्ही कुशींत बॅटरीच्या पेट्या असत; रिकाम्या पेट्या ओढून काढाव्या आणि भरलेल्या आंत लोटाव्या, अशी सोय होती. टॅक्सी म्हणूनहि ती चालली. १९५० सालीं कोरियांत युद्ध पेटलें, शिशाचे भाव कडाडले, इकडे पेट्रोल पुन्हा मिळूं लागलें, आणि थोड्याच अवधींत तामाचा खेळ आटोपला. मोटारींत कोणताहि दोष निघाला नव्हता. तिची शिदोरी महाग झाली, एवढेंच.

आतां आपल्या देशाकडे येऊं. केरळांतील चालक्कुडी येथें एका कंपनीनें जपानी साहाय्यानें लव्हबर्ड नांवाची दोन माणसांची विजेची मोटार तयार करून १९९३ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत मांडली. ती फारशी खपली नाहीं. खरा आरंभ बंगलोरच्या रेव्हानें झाला. मैनी उद्योगसमूह आणि कॅलिफोर्नियांतील अमेरिगॉन कंपनी यांनीं १९९४ सालीं भागीदारी केली. चेतन मैनी यांच्या देखरेखीखालीं तयार झालेली मोटार २००१ सालीं विक्रीस आली. पुढें दोन मोठीं माणसें, मागें दोन मुलें, आणि तळाशीं शिशाच्या आठ बॅटऱ्या, असा तिचा संसार होता. एका भरणींत ऐंशी किलोमीटर जाते असें तिच्याविषयीं सांगत. लंडनमध्यें ती २००४ पासून जी-विझ या नांवानें विकली जाऊं लागली, आणि तेथील गर्दींत तिनें बऱ्यापैकीं जम बसविला. आपल्याकडे मात्र ती हौशी आणि धाडसी लोकांपुरतीच राहिली. या मोटारीचा पुढचा मालक होणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर समजे. शिशाची बॅटरी कांहीं वर्षांतच थकते, आणि थकली कीं सर्व संच बदलावा लागतो. म्हणजे स्वस्तांत मिळालेल्या रेव्हाबरोबर एक मोठा खर्च मुकाट्यानें घरीं येत असे. तरी त्यांतल्या त्यांत बरें हें कीं, शिशाची बॅटरी ओळखीची वस्तु होती; दुसऱ्या कारखान्याची बसवितां येत असे.

२०१० च्या मे महिन्यांत महिंद्र कंपनीनें रेव्हाचे निम्म्याहून अधिक भाग घेतले. २०१३ सालीं ई-टू-ओ ही लहान मोटार आली, तिच्यांत लिथियमची बॅटरी होती, आणि २०१६ सालीं तिचीच चार दारांची आवृत्ति निघाली. २०१९ सालीं उत्पादन थांबलें. लिथियमची बॅटरी शिशाच्या बॅटरीपेक्षां दीर्घायुषी आणि वजनानें हलकी, यांत शंका नाहीं. परंतु तिच्यांत शेंकडों घट एका संगणकाच्या नजरेखालीं बांधलेले असतात. तो संगणक एका विशिष्ट मोटारीपुरताच केलेला असतो, आणि त्याच्याशीं बोलण्याची भाषा कंपनीजवळ असते. अशा मोटारीची बॅटरी कोपऱ्यावरच्या दुकानांतून आणून बसवितां येत नाहीं. उत्पादन थांबलेल्या मोटारीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाला सुटा भाग मिळविण्यासाठीं किती दारें ठोठवावीं लागतील, याची कल्पना यावरून येईल.

येथें मला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची आठवण होते. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली पद्मिनी मोटार मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सर्वांनीं पाहिलेली आहे. चालू शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन बंद पडलें. तरी पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली, आणि थांबली तीहि मोडून नव्हे, तर टॅक्सीला घालून दिलेली वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. कारखाना गेला आणि मोटार वीस वर्षें जगली! हें कशामुळें झालें? तिचा प्रत्येक भाग मिस्त्रीला डोळ्यांनीं दिसत होता, हातांनीं उघडतां येत होता. कुर्ल्यांत मिळाला नाहीं तर दुसरीकडे घडवितां येत होता. तिचें ज्ञान कारखान्याच्या भिंतींबाहेर पसरलेलें होतें. पेट्रोलच्या धुराचा मी चाहता नाहीं. पण जुन्या मोटारीवर ज्या लोकांचा संसार चालतो, त्यांच्या दृष्टीनें या पसरलेल्या ज्ञानाची किंमत फार मोठी होती, आणि विजेच्या मोटारीनें ती अद्याप भरून दिलेली नाहीं.

हमीचें आजचें स्वरूप तरी कोठून आलें? तें सहजासहजीं आलेलें नाहीं. निसान कंपनीची लीफ मोटार २०१० च्या अखेरीस निघाली. २०१२ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील ॲरिझोना या उष्ण संस्थानांतून तक्रारी आल्या कीं, मोटारीच्या बॅटरीची धारणशक्ति अपेक्षेपेक्षां फार लवकर घटत आहे. त्या मोटारींत बॅटरी थंड ठेवण्याची वेगळी योजना नव्हती. मालकांनीं गवगवा केला. तेव्हां कंपनीनें केवळ बॅटरी बंद पडण्याचीच नव्हे, तर ती आंखडण्याचीहि हमी दिली. बारा रेघांपैकीं नऊसुद्धां उरल्या नाहींत तर दुरुस्ती करून देऊं, असें तिचें स्वरूप होतें. उष्णतेनें बॅटरी लवकर म्हातारी होते, ही गोष्ट प्रयोगशाळेंत ठाऊक होतीच; बाजाराला ती या मालकांनीं शिकविली.

आपल्या बाजारांत टाटांची टियागो ही लहान विजेची मोटार २०२२ च्या सप्टेंबरांत जाहीर झाली. तिची आरंभींची किंमत ८ लाख ४९ हजार रुपयांपासून होती, बॅटरी १९.२ किंवा २४ युनिटांची, आणि बॅटरीची हमी आठ वर्षें अथवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकीं जें आधीं होईल तेथपर्यंत. २०२३ च्या एप्रिलांत एम्. जी. कंपनीची कॉमेट आली. ही तीन मीटरांहूनहि आंखूड, दोन दारांची मोटार, बॅटरी १७.३ युनिटांची. आणि गंमत अशी कीं, २०२४ सालीं या कॉमेटला हार्टफोर्डचीच योजना नव्या वेषांत लागू झाली. मोटार ४ लाख ९९ हजारांस घ्या, आणि बॅटरीचें भाडें किलोमीटरमागें अडीच रुपये द्या, असें तेव्हां जाहीर झालें. येथें बॅटरी बदलून मिळण्याची सोय नाहीं, भाड्याची कल्पना तेवढी तीच आहे. पहिल्या मालकाला ही योजना सोईची वाटली तर नवल नाहीं. दुसऱ्या मालकाची गोष्ट वेगळी आहे. युरोपांत रेनो कंपनीची झोई मोटार २०१३ च्या सुमारास अशाच भाड्याच्या बॅटरीसह विकली गेली; पुढें ती जुन्या बाजारांत आली, तेव्हां नव्या मालकाला मोटारीची किंमत देऊन वर बॅटरीच्या भाड्याचा करार आपल्या नांवावर घ्यावा लागे. जुन्या बाजारांत एखादी मोटार फार स्वस्त दिसली, तर तिची बॅटरी तिच्याबरोबर विकली जात आहे कीं नाहीं, हा प्रश्न प्रथम विचारावा.

आतां वसईपुरतें पाहूं. वसई रोड स्टेशनापासून वसईचा किल्ला, नालासोपाऱ्यापासून निर्मळ, विरारपासून अर्नाळा, हीं अंतरें फार तर दहा-बारा किलोमीटरांचीं. मुलांची शाळा, बाजार, दवाखाना आणि स्टेशन एवढ्यापुरती मोटार हवी असेल, तर बॅटरी चौथ्या हिश्शानें आंखडलेली मोटारसुद्धां दिवस सहज काढील. उलट, विरार ते चर्चगेट हें अंतर रेल्वेनेंच साठ किलोमीटर आहे. रोज जाऊन-येऊन करणाराला तीच मोटार वाटेंत चार्जिंगच्या रांगेंत उभी करील. म्हणजे जुन्या विजेच्या मोटारीचें मोल तिच्या प्रकृतीइतकेंच घेणाराच्या वाटेवरहि अवलंबून आहे. पेट्रोलच्या मोटारीला हा नियम इतका कडकपणें लागत नसे. दुसरें असें कीं, पश्चिमेकडील वाड्यांत ज्याचें स्वतःचें अंगण आहे त्याला रात्रीं मोटार लावून ठेवण्यास अडचण नाहीं; नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावर राहणाराला ती मोठी अडचण आहे. सोसायटीची परवानगी, वेगळा मीटर आणि खात्रीचें अर्थिंग, हीं तीन कामें मोटार पाहण्यापूर्वींच उरकलेलीं बरीं.

पाण्याचा विचारहि येथें टाळतां येत नाहीं. २०१८ च्या जुलैंत नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या, मिठागरांतले लोक अडकून पडले, आणि अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा बंद पडला. अशा पाण्यांत उभी राहिलेली मोटार पुढें धुऊन-पुसून बाजारांत येऊं शकते. बॅटरीची पेटी पाणी आंत शिरूं नये अशी बांधलेली असते. परंतु तिच्याभोंवतीचे जोड, तारांचे सांधे आणि साधी बारा व्होल्टची बॅटरी यांना पाण्याचा व खाऱ्या हवेचा उपद्रव होतोच. बैठकीचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचा डाग आहे काय, बैठकीखालच्या बोल्टांना गंज आहे काय, तळचा गालिचा नवाकोरा कां आहे, हें जुन्या बाजारांतलें पारखीपण विजेच्या मोटारीलाहि लागू पडतें. आपल्या मिस्त्रीची विद्या सगळीच वायां गेलेली नाहीं.

राहतां राहिली ती बंद पेटी. तिचें पूर्ववृत्त वाचण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कंपनीच्या अधिकृत दुकानांत मोटार नेऊन बॅटरीच्या प्रकृतीचा लेखी अहवाल मागावा. विकणारा याला कांकूं करूं लागला, तर तेथेंच उत्तर मिळालें. दुसरा मार्ग घरगुती आहे, आणि मला तो अधिक आवडतो, कारण त्यांत कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं. समजा, मोटारीची बॅटरी १९.२ युनिटांची आहे. ती वीस टक्क्यांवर आणावी आणि एक साधा मीटर मध्यें घालून पूर्ण भरावी. बॅटरींत सुमारें पंधरा युनिटें जावयास हवींत; भरतांना कांहीं वीज उष्णतेच्या रूपानें फुकट जाते, म्हणून मीटरवर सतरा-अठरा दिसतील. तेराच दिसलीं आणि पडदा मात्र शंभर टक्के दाखवूं लागला, तर पेटी आंखडली आहे. एका मोजणीवर सर्व भिस्त ठेवूं नये; परंतु एवढा मोठा फरक डोळ्यांआड करण्याजोगा नसतो. एका रात्रीचें हें काम आहे, आणि पांच लाखांच्या व्यवहारांत एक रात्र कोणीहि द्यावी.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द. मोटार एका गृहस्थानें दुसऱ्या गृहस्थाला विकली तर त्यावर वस्तु-सेवा कर नाहीं. व्यापाऱ्यामार्फत घेतली तर त्याच्या नफ्याच्या भागावर अठरा टक्के कर, असें २०२४ च्या डिसेंबरांत परिषदेनें ठरविलें, आणि विजेच्या मोटारींनाहि त्यांत धरलें. तेव्हां व्यापाऱ्याच्या किंमतींत हा आंकडा मिसळलेला असतो, हें ध्यानांत असावें. नांव बदलण्यासाठीं २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने, आणि मोटारीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला व ३५ क्रमांकाचा नमुना, हें पेट्रोलच्या मोटारीप्रमाणेंच आहे. वसईच्या परिवहन कार्यालयाची एम्. एच्. ४८ ही पाटी असलेली मोटार घेतली तर बाहेरच्या कार्यालयाकडे खेटे घालण्याचें टळतें. मात्र विजेच्या मोटारीच्या बाबतींत यांत दोन कागदांची भर पडते. बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाकडे कोणत्या अटींवर चालूं राहते, याचें कंपनीचें पत्र. आणि बॅटरी भाड्याची असल्यास तो करार संपल्याचा किंवा आपल्या नांवावर झाल्याचा दाखला. आगाऊ रक्कम या दोन कागदांच्या आधीं देऊं नये. आणि मोटारीबरोबर आलेली चार्जिंगची तार डिकींत आहे कीं नाहीं, हेंहि त्याच वेळीं पाहून घ्यावें, कारण ती वेगळी घ्यावयाची म्हटली तर बरीच महाग पडते.